रडार डिटेक्टरची वायर: फ्यूज बॉक्समधून की आरशामागून?

अमेरिकेत पिकअपच्या काचेवर पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल देणारा डिटेक्टर लावला की लायटरच्या सॉकेटपर्यंत लोंबणारी वायर डोळ्यांत खुपते. ती लपवायचे दोन मार्ग आहेत. गाडीच्या आतल्या आरशाला येणाऱ्या वायरमधून वीज घेतली तर वायर वीतभरच लागते. पण सगळ्याच आरशांना 12 व्होल्ट मिळत नाहीत, काहींची वीज चावी काढल्यावरही चालू राहते. आधी मल्टीमीटर लावून बघाच.

मला फ्यूज बॉक्सच पटतो. चावी फिरवल्यावर सुरू होणाऱ्या सर्किटवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा, नवी वायर जोडू देणारा छोटा जोड) बसवला की डिटेक्टरला स्वतःचा 2 अँपिअरचा फ्यूज मिळतो. कष्ट आहेत ते काचेशेजारच्या खांबातून वायर नेण्यात. तिथे एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागूनच न्या, आणि एअरबॅगच्या फ्यूजला अजिबात हात लावू नका.

व्हर्जिनियात मात्र डिटेक्टरला बंदी आहे.