बॅलन्स ट्रान्सफरच्या नावाखाली कार्ड गळ्यात मारतायत, सांगली-मिरजकरांनो बघून घ्या

विश्रामबाग साईडला मार्टच्या दारात टेबल टाकून क्रेडिट कार्डवाली पोरं उभी असतात ना, त्यांच्यातला कोण तुम्हाला "जुन्या कार्डाची थकबाकी झिरो टक्क्यावर इकडं घेतो" म्हणाला तर आधी हे वाचा, मग काय सही करायची ती करा.

माझ्या जुन्या कार्डावर ८४,००० होते. वडिलांची अँजिओप्लास्टी मिरजेत झाली तेव्हा विम्यातनं उरलेलं बिल कार्डावर स्वाइप केलेलं. महिना साडेतीन टक्क्यानं २,९४० व्याज, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार नुसते व्याजातच जायचे. हे सगळं त्या पोरानं गप्पा मारता मारता माझ्याकडनं काढून घेतलं आणि लगेच सुरू, "दादा कशाला भरताय एवढं, आपलं कार्ड लाईफटाईम फ्री आहे, ८४ च्या ८४ हजार इकडं घेऊ, सहा महिने झिरो टक्के, महिन्याला चौदा हजार टाकले की तुम्ही मोकळे." हिशोब ऐकायला एक नंबर. टॅबवर फॉर्म त्यानंच भरला, बॅलन्स ट्रान्सफरच्या चौकोनात टिक, जुन्या कार्डाचा नंबर, रक्कम ८४,०००.

आता यातली मेख सांगतो. त्या चौकोनात रक्कम लिहिली म्हणजे ती मंजूर झाली असं अजिबात नसतं, ती नुसती विनंती असते. लिमिट किती द्यायचं ते बँक तुमचं उत्पन्न आणि सिबिल (कर्जफेडीची नोंद, स्कोअर) बघून नंतर ठरवते आणि ट्रान्सफर त्या लिमिटच्या आतच बसवते. मला लिमिट आलं ५०,०००, त्याच्या ७५ टक्के म्हणजे ३७,५०० ट्रान्सफर झाले, बाकीचे ४६,५०० जुन्या कार्डावर व्याज खात तसेच. दोन टक्के प्रोसेसिंग फी ७५०, जीएसटी १३५, असे ८८५ पहिल्याच स्टेटमेंटला. आणि झिरो टक्के सहा महिने नाही, तीन! त्यानंतर जे उरेल त्याला तोच महिना साडेतीनचा रेट.

पण खरा दणका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. फॉर्म भरल्यावर त्यानं मला व्हॉट्सॲपला लिहिलं की या महिन्यात जुन्या कार्डाला काही भरू नका, रक्कम बदलली की रिक्वेस्ट रिजेक्ट होते. साफ थाप. जुन्या बँकेला तुमच्या ट्रान्सफरशी काही देणंघेणं नसतं, पैसे तिकडं जमा होईपर्यंत मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तुम्हीच भरायची असते. ड्यू डेटनंतर तीन दिवस लेट फी लावता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ट्रान्सफर आला त्याच्याही नंतर, त्यामुळं लेट फी लागली आणि सिबिलला उशिराची नोंद पण झाली. त्याला फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे सर." (कार्ड निघेपर्यंत दादा, निघाल्यावर सर.)

त्यात नव्या कार्डावर घरचा किराणा आणि पेट्रोल टाकलेलं, त्याला पण पहिल्या दिवसापासनं व्याज. ट्रान्सफरची रक्कम बाकी असताना नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, बऱ्याच कार्डांचं असंच असतं. हे कुठं लिहिलंय तर वेलकम किटच्या मागच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

कस्टमर केअरची बाई म्हणे, एजंटनं तोंडी काय सांगितलं ते आमच्या रेकॉर्डला नाही. मग मी लेखी तक्रार केली, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट जोडला आणि विचारलं की २०२२ च्या नियमाप्रमाणं अर्जासोबत व्याजदर आणि चार्जेसचं एक पानी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, माझं कुठंय? त्यावर फीचे ८८५ गुपचूप परत आले. बाकी तोंडाला पानं पुसली.

तुम्हाला खरंच ट्रान्सफर करायचाच असेल तर आधी नुसतं कार्ड घ्या, लिमिट किती येतंय बघा, मग बँकेच्या ॲपमधनं किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून स्वतः मागा, फी किती, रेट किती, किती महिने, सगळं ईमेलवर घ्या आणि त्या कार्डावर दुसरं काही खरेदी करू नका. कोण म्हणालं "जुनं कार्ड क्लोज करायला ओटीपी द्या" तर तिथनं उठा, तो तर सरळ दरोडाच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.

बँकेनं तीस दिवसात उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाईन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडं जाता येतं, फुकट आहे, माहितीला १४४४८ नंबर आहे. लेट फी आणि सिबिलच्या नोंदीसाठी मी तिथं टाकलंय, तो स्क्रीनशॉट सगळ्यात वर जोडून.