पेंढा विकलात, आता जमिनीला काय? शेणखत, आच्छादन की बायोचार

भाताची झोडणी आटोपली की मुरबाड-शहापूरकडे तबेल्यांसाठी पेंढा उचलणाऱ्या गाड्या फिरू लागतात. पैसा रोख मिळतो, म्हणून पेंढा विकूच नका असं मी म्हणणार नाही. पण टनभर पेंढ्याबरोबर साधारण १५ ते २० किलो पालाश (पोटॅश) आणि ५ ते ८ किलो नत्र (नायट्रोजन) शेताबाहेर जातं. नुसत्या पालाशाचा हिशेब केला तरी म्युरेट ऑफ पोटॅश या खताची निम्मी गोणी!

थोडा पेंढा ठेवणार असाल तर भाजीच्या वाफ्यांवर पसरा. ओल टिकते, तण दबतं. चिखलणीच्या तोंडावर मात्र ताजा पेंढा गाडू नका. कुजताना तो जमिनीतलं नत्र ओढतो आणि रोपं पिवळी पडतात.

शेणखतातून नत्रही मिळतं आणि जिवाणूंना खाद्यही. आपल्या पावसात ते लवकर संपतं, दर एक-दोन वर्षांनी पुन्हा घालावं लागतं. घरची गुरं असतील तर प्रश्नच नाही; विकत आणायचं तर वाहतूकच महाग पडते.

बायोचारचं गणित वेगळं. कमी हवेत जाळलेला हा कोळसा जमिनीत शेकडो वर्षं टिकू शकतो, पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो. पालाश आणि स्फुरद (फॉस्फरस) त्यात बरंचसं उरतं, नत्राचा मोठा भाग मात्र धुरात जातो. म्हणजे शेणखताची जागा तो घेत नाही. शिवाय टनभर पेंढ्यातून जेमतेम पंचवीस ते तीस टक्के कोळसा मिळतो, त्यामुळे विकला जाणारा पेंढा यासाठी जाळणं मला पटत नाही. तुरीच्या काड्या, गिरणीतलं तूस, बांधावरची छाटणी वापरा. राबासाठी, म्हणजे रोपवाटिकेची जागा भाजायला, तोडलेल्या टहाळातलाही काही भाग खड्ड्यात जाळून पाण्याने विझवता येईल. मात्र राबाच्या आचेने तणाचं बी मरतं, ते काम हा कोळसा करणार नाही.

कोरडा कोळसा थेट टाकू नका, आधी शेणाच्या स्लरीत पंधरवडाभर मुरवा. तो अल्कधर्मी असतो. आम्लधर्मी तांबड्या वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीला मानवतो, सामू (pH) आधीच चढा असलेल्या खाडीकाठच्या जमिनीत नको. माती परीक्षण आधी करा.

माझ्या मते भाताच्या खाचराला शेणखत आणि कापणीत थोडी उंच ठेवलेली धसकटं पुरेत. बायोचार भेंडी-काकडीच्या वाफ्यांपुरता ठेवा, आणि पहिल्या वर्षी एखाद्या गुंठ्यातच.