डिस्टिलरीचा कार्बन डायऑक्साइड पकडायचा तर अमाइन, झिओलाइट की मॉफ?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीसाठी कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्लांट घ्यायचा असेल, तर वायू धरून ठेवणारा कोणता पदार्थ चांगला हे विचारण्याआधी वायू कुठून घेणार ते ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

कारखान्यात हा वायू दोन ठिकाणी सुटतो. फर्मेंटरमधून, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाकीतून निघणारा जवळजवळ शुद्ध असतो. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, बॉयलरच्या धुरात तो साधारण 10 ते 15 टक्केच असतो. बाकी नायट्रोजन, उरलेला ऑक्सिजन आणि भरपूर बाष्प, कारण बगॅसमध्ये मुळातच निम्मं पाणी.

फर्मेंटरचा हिशेब सोपा आहे. एक लिटर अल्कोहोल तयार होताना सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे 60 केएलपीडीच्या (दिवसाला 60 हजार लिटर) डिस्टिलरीत दिवसाला 45 टनांच्या आसपास. तो वेगळा करायला कुठलाच खास पदार्थ लागत नाही. पाण्याच्या स्क्रबरने अल्कोहोलची वाफ धुवायची, ॲक्टिव्हेटेड कार्बनने वास काढायचा, मग वायू सुकवून, दाबून, थंड करून टाकीत भरायचा. शीतपेयं आणि कोरडा बर्फ ही त्याची ओळखीची गिऱ्हाइकं. या वायूसाठी कोणी महागडा शोषक पदार्थ सुचवला, तर सरळ नको म्हणा.

खरी तुलना सुरू होते ती चिमणीपाशी.

अमाइन, म्हणजे अमोनियाच्या जातीचं नायट्रोजनयुक्त रसायन, सगळ्यांत जुनं. त्याचं पेटंट 1930 चं आहे. मोनोइथेनॉलअमाइनचं साधारण 30 टक्के द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड रासायनिक बंधाने धरतं आणि 120 अंशांच्या आसपास तापवलं की सोडतं. धूर ओला असला तरी बिघडत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण वाफ खातं. टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता, म्हणजे साधारण पावणेदोन टन वाफ. टर्बाइनमधून बाहेर पडणारी तुमची एक्झॉस्ट वाफ तापमानाला जेमतेम पुरेल, पण ती आधीच रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटर आणि पॅनच्या वाट्याची आहे. शिवाय स्पेंट वॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) जाळणारा बॉयलर असेल तर धुरात गंधकाची संयुगं येतात. त्यांच्यामुळे अमाइनचे असे क्षार होतात जे तापवूनही सुटत नाहीत, म्हणून सल्फर डायऑक्साइड आधी 10 पीपीएमच्या खाली आणावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे का, ते तपासाच. तमिळनाडूत तुतिकोरिनला 2016 पासून कोळशाच्या बॉयलरचा वायू अमाइनवर आधारित द्रावणाने पकडून सोडा ॲश केली जाते. तिथे गिऱ्हाईक कुंपणाच्या आतच होतं.

झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं खनिज, तुमच्या घरातलंच आहे. अल्कोहोल सुकवणारी मॉलिक्युलर सिव्ह म्हणजे झिओलाइट 3ए. कार्बन डायऑक्साइडसाठी त्याचाच भाऊबंद 13एक्स वापरतात. कोरड्या वायूत तो उत्तम काम करतो. पण सिव्ह पाणी किती हावरेपणाने ओढते हे डिस्टिलरीच्या माणसाला सांगायला नको. 13एक्सचंही तेच. ओल्या धुरात त्याच्या जागा पाणीच अडवून बसतं. धूर आधी सुकवायचा म्हटलं तर फायदा त्यातच संपतो. बगॅस बॉयलरसाठी मी तो घेणार नाही.

मॉफ म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे यांचा सच्छिद्र सांगाडा. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच कामासाठी मिळालं. यातला काल्फ-20 मला मनापासून आशादायक वाटतो. जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्सलेट अशा साध्या घटकांचा हा पदार्थ कॅनडात कॅल्गरी इथे तयार झाला. 40 टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तो पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडच पसंत करतो आणि वाफेने पुन्हा मोकळा होतो. मात्र थंड केलेला ओला धूर पूर्ण संपृक्त असतो, त्यामुळे थोडं सुकवणं आलंच. हंगामात चार-पाच महिने चालणाऱ्या बॉयलरवर पहिला प्रयोग आपण करू नये. आज चिमणीवर बसवायचंच असेल तर अमाइन, तेही वाफेचा ताळेबंद जमत असेल तरच.

पकडलेल्या वायूचं मिथेनॉल करायचा मोह होईल. तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिनाचा उत्प्रेरक जुना, भरवशाचा आहे. अडचण हायड्रोजनची. एक टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे 136 किलो हायड्रोजन लागतो, आणि तो पाण्यापासून विजेने करायचा तर सात हजार युनिटच्या आसपास वीज.

हवेत साचलेला कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या सेन्सरची निवड मात्र आजच करा. टिन ऑक्साइडचे स्वस्त सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही प्रतिसाद देतात, म्हणून डिस्टिलरीत त्यांचा आकडा फसवतो. 4.26 मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर मोजणारा एनडीआयआर सेन्सर घ्या आणि गुडघ्याच्या उंचीवर बसवा, कारण हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. ऑक्सिजन मीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हवेत 4 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, म्हणजे जिवाला तत्काळ धोका मानतात ती पातळी आली, तरी ऑक्सिजन 20.9 वरून 20.1 टक्क्यांवर येतो. मीटरचा अलार्म 19.5 ला लावलेला असतो. तो वाजतच नाही, आणि फर्मेंटर धुवायला उतरलेला माणूस आतच राहतो.