बीसीडी जॅकेट: 7 महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्या कॉलरबद्दल

स्कूबा डाइव्हिंगचं जॅकेट आहे हे, टाकीतली हवा आत भरून-सोडून पाण्यात वर-खाली तोल सांभाळायचं. ऑक्टोबरात घेतलं, आता मे संपत आला, मधे 19 डाइव्ह झाल्या. मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि शेवटी कर्नाटकातलं नेत्राणी बेट. खिसे किती, डी-रिंग किती, लिफ्ट (तरंगवायची ताकद) किती हे सगळं साइटवर आहे, ते मी परत टाइप करत बसत नाही. ₹32,000 गेले. मॉडेल सांगणार नाही कारण कंपनीशी अजून मेलामेली चालू आहे. मला बोलायचंय ते इन्फ्लेटरला (बटण दाबलं की जॅकेटात हवा भरणारा भाग) टाकीकडून जी होज लागते तिच्या टोकाच्या कॉलरबद्दल, जी मागे खेचली की होज सुटते. म्हणजे सुटायला पाहिजे.

जानेवारीत मीच याला 5 स्टार दिले होते. फिटिंग मस्त, पाठीला रग लागत नाही, पोट सुटलेल्या माणसालाही पट्टा पुरतो. ते अजूनही खरंच आहे.

आता नेत्राणी. मत्स्यगंधाने मुर्डेश्वर, सकाळी बोट, पहिली डाइव्ह छान. फक्त जॅकेटमधली हवा नेहमीपेक्षा जास्त वेळा सोडावी लागत होती. मला वाटलं आपलाच श्वास आज नीट बसत नाहीये. हे लक्षण होतं हे मला आता कळतंय, इन्फ्लेटरचं व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हतं आणि टाकीतली हवा थेंबाथेंबाने जॅकेटात येत होती. बोटीवर परत आल्यावर कानाजवळ धरलं असतं तर सुसू आवाज आला असता. पण बोटीवर कोण ऐकतंय, तिथे पोहे होते.

दुसऱ्या डाइव्हला 12 मीटरवर होतो, खडकाखाली एक मोरे ईल बघून जरा वर व्हायला बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं, आणि ते आतच राहिलं. जॅकेट बरगड्यांना आवळायला लागलं आणि मी निघालो वर, लिफ्टमधे उभा राहिल्यासारखा. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वर यायचा वेग मोजणारा) बोंबलायला लागला. डावा हात वर करून इन्फ्लेटरच्या जाड नळीतून हवा सोडली, उजव्या हाताने खांद्याची डंपची (हवा सोडायची) दोरी ओढली, पण जितकी जातेय तितकीच येतेय. तेवढ्यात आठवलं की होज काढायची असते. मग डाव्या हातात इन्फ्लेटर तसाच वर धरून उजव्या हाताने कॉलर पकडली. गुळगुळीत, वर ग्लोव्ह, आत हवेचं प्रेशर. दोनदा सटकली. कॅरमच्या सोंगटीएवढी जाड वस्तू, आणि तिला बोट अडकवायला एक खाच नाही! ज्याने डिझाइन केली त्याला एकदा ओले हातमोजे घालून लोणच्याची बरणी उघडायला द्या.

एक गोष्ट मात्र बरोबर झाली, आणि तीसुद्धा अक्कल म्हणून नाही, घाबरून ओरडत होतो म्हणून. रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) तोंडातच होता आणि त्यातून आ आ आ करत श्वास सारखा बाहेर जात होता. ते नसतं तर हे लिहायला मी नसतो कदाचित. लोकांना वाटतं खोल पाणी धोक्याचं. उलट आहे. 30 मीटरवर प्रेशर 4 बार, 20 वर 3, म्हणजे त्या 10 मीटरमधे हवा एक-तृतीयांशाने फुगते. पण 10 मीटरवर 2 आणि वर 1, म्हणजे शेवटच्या 10 मीटरमधे तीच हवा सरळ दुप्पट. जॅकेटातलीही आणि फुप्फुसातलीही. भरल्या छातीने श्वास रोखून धरला तर एक-दीड मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते, स्विमिंग पूलमधे सुद्धा. म्हणून काहीही बिघडो, श्वास अडवायचा नाही.

बडीने (डाइव्हमधला जोडीदार, ऑफिसातलाच, ठाण्याचा) माझ्या पायातला फिन पकडायला हात घातला आणि सोडून दिला, मी नंतर त्याला म्हटलं अरे धरायचं ना, तर म्हणे, "तुझ्याबरोबर मी पण वर गेलो असतो, मला पोरं आहेत." बरोबर आहे त्याचं. मग साधारण अर्ध्या मिनिटात 12 मीटर. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगाने येऊ नये असं शिकवलेलं आणि इथे 24 पडला. 5 मीटरवरचा 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून थांबायचं असतं तो) पण गेला. वर आल्यावरही जॅकेट भरतच होतं, जास्त हवेचं व्हॉल्व्ह म्हशीसारखं फुर्र फुर्र करत होतं आणि मला धड श्वास घेता येईना. तेव्हा कुठे तिसऱ्या झटक्याला कॉलर सुटली. लाटांवर तरंगत. आता सुटून काय उपयोग.

मी वेड्यासारखा म्हटलं की खाली जाऊन राहिलेला स्टॉप करून येतो. डाइव्हमास्टरने अक्षरशः दंड धरून बोटीवर घेतलं. चुकलेला स्टॉप भरून काढायला परत खाली जायचं नसतं. आडवं झोपवलं, ऑक्सिजन लावला, पाणी पाजलं आणि दर थोड्या वेळाने तेच प्रश्न, छातीत दुखतंय का, खोकला, चक्कर, हाताला मुंग्या, सांधा दुखतोय का, एका बाजूला अशक्तपणा. छाती-फुप्फुसाचं असेल तर बहुतेक लगेच दिसतं, सांधे आणि मुंग्या काही तासांनीही सुरू होऊ शकतात, त्यामुळे त्या दिवशीचं डाइव्हिंग बंद. बडीला गोव्याहून रात्रीचं विमान पकडायचं होतं. एका दिवसात दोन डाइव्ह झाल्या की विमानाआधी निदान 18 तास थांबायचं असतं आणि माझ्यासारखा उडून वर आलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दुसऱ्या दिवशी रेल्वेनेच आलो, ती समुद्राकाठानेच येते. रोडने आंबोली चढून आलो असतो तर ती पण विमानासारखी उंचीच झाली असती. मला काही झालं नाही. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात प्रेशर चेंबरची सोय आहे हे त्या रात्री बर्थवर पडून मी चार वेळा मोबाइलवर वाचलं, खांदा दुखतोय की बॅगेने दुखतोय हे कळत नव्हतं.

आता सर्विस. अंधेरीकडे एका गाळ्यात नेलं. काउंटरवरचा म्हणाला, "खाऱ्या पाण्याचं करोजन वॉरंटीत येत नाही सर." अरे, मग हे काय घरच्या पिंपात घालायला घेतलंय का? समुद्रात वापरायच्या वस्तूला मीठ लागणार नाही तर काय खडीसाखर लागणार? नवीन इन्फ्लेटर ₹7,800 म्हणे. मी तिथे अर्धा तास भांडलो, मागची माणसं पण माझ्या बाजूने.

पण मग आतले काका आले. त्यांनी शांतपणे इन्फ्लेटर उघडला आणि व्हॉल्व्ह पांढऱ्या रुमालावर ठेवलं. त्याच्या स्प्रिंगवर मिठाचे खडे, कडेला हिरवट. विचारलं, "धुता कसं?" मी म्हटलं बादलीत बुचकळतो, गॅलरीत टांगतो. "आतून?" आतून नाही. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी तासभर, त्यात आई म्हणते आधी कपडे. काका म्हणाले तोंडाच्या नळीतून गोडं पाणी आत भरायचं, हलवायचं, उलटं करून काढायचं, आणि धुताना बटणं दाबत राहायचं. वर्षाला एकदा सर्विस. मी फेब्रुवारीत गोव्यात बटण जरा चिकट वाटलं तेव्हा दाखवायला पाहिजे होतं, सर्विसचे ₹2,500 वाचवले. त्यामुळे जानेवारीचे 5 स्टार, नेत्राणीनंतरचा 1, आणि रुमाल बघितल्यावर मी परत 3 वर आलो. काकांनी सगळं नवीन न घालता व्हॉल्व्ह बदलून साफ करून ₹1,100 घेतले.

त्यांनी अजून एक विचारलं, वजन किती लावलं होतं. 8 किलो, बोटीवर दिले तेवढे. मला 5 पुरतात. जास्त वजन म्हणजे ते तोलायला जॅकेटात जास्त हवा, आणि वर जाताना फुगायला तीच जास्त. हे कुठल्या रिव्ह्यूत मला दिसलं नव्हतं. आणि ज्यांचा जादा रेग्युलेटर इन्फ्लेटरलाच जोडलेला असतो त्यांनी लक्षात ठेवा, होज काढली की तो पण गेला.

कॉलरवर मात्र मी ठाम आहे, तिथे मिठाचा संबंध नाही. होजच बदलली, मोठ्या खाचांची कॉलर असलेली, ₹1,900. रोज रात्री बातम्या बघताना डोळे मिटून काढतो-लावतो, बायको सेकंद मोजते. टाकी नसताना प्रेशर नसतं त्यामुळे हे सोपंच आहे, पण हाताला जागा तरी पाठ व्हावी. आज ग्लोव्ह घालून 4 सेकंद. जुन्या कॉलरला 9 आणि एक शिवी.

पावसाळ्यात मालवण बंद, ऑक्टोबरात आधी 6 मीटरवर जाऊन बटण तपासणार. कोकणकन्याचं तिकीट निघालं की लगेच काढणार, गेल्या वेळी वेटिंग 34 वर अडकलो होतो. कंपनीचा परवा मेल आलाय, "आपला अनुभव शेअर करा, बिल जोडा." बिल आईने पेपराच्या रद्दीत दिलंय.