वायफाय कॉलिंग की सिग्नल बूस्टर?
आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात काँक्रीटच्या जाड भिंतींमुळे मोबाइलचा सिग्नल उणे ११५ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) घसरतो आणि खिडकीशी मात्र तो उणे ९५ असतो, तेव्हा उपाय कोणता करावा हा प्रश्न पडतोच. बूस्टर छतावरच्या अँटेनाने पकडलेला सिग्नल वाढवून घरात सोडतो, त्यामुळे ब्रॉडबँड नसले तरी चालते. परंतु तो टॉवरकडेही नको असलेल्या रेडिओ लहरींचा गोंगाट पाठवतो, त्यातून आसपासच्यांचे कॉल तुटू शकतात, आणि बाजारात तो कितीही सहज मिळत असला तरी भारतात परवानगीवाचून बसवणे बेकायदेशीर आहे. वायफाय कॉलिंगमध्ये कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो; त्याला फोनच्या सेटिंगमधले एक बटण आणि बरे ब्रॉडबँड पुरते. वीज गेली की राउटरबरोबर तेही बंद पडते, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडावा.