जुनी १.४ टीएसआय घेताय? आधी बघा, १३९० सीसी की १३९५

फोक्सवॅगन गटाची वापरलेली १.४ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी) बघायला गेलात, तर बॉनेट उघडण्याआधी नोंदणीच्या कागदावरचा सीसीचा आकडा वाचा. १३९० असेल तर इंजिन ईए१११, १३९५ असेल तर ईए२११ (ही कंपनीची इंजिन-मालिकांची नावं). फरक पाच सीसीचा दिसतो, पण ही दोन पूर्ण वेगळी इंजिनं आहेत.

१३९० चा ब्लॉक बिडाचा, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.६ मिमी, टायमिंगला, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात ठेवायला, चेन. यातही दोन प्रकार आहेत: नुसता टर्बो असलेलं १२२ पीएस (ताकद), २०० एनएमचं (टॉर्क), आणि टर्बोसोबत सुपरचार्जर (इंजिनच्याच बेल्टवर फिरणारा हवेचा पंप) असलेलं ट्विनचार्जर, जे २००५ मध्ये आलं. १३९५ आलं २०१२ मध्ये. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, बोअर ७४.५, स्ट्रोक ८०, टायमिंगला बेल्ट. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. याचं १५० पीएसचं रूप २५० एनएम देतं.

१३९० मध्ये खरी भीती चेनची. चेन ताणली जाते. तिला ताठ ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि गाडी रात्रभर उभी राहिली की ते प्रेशर उतरतं. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद टायमिंग कव्हरच्या बाजूने खडखड येते, मग थांबते. ही खडखड ऐकायची तर इंजिन पूर्ण थंड हवं. तुम्ही पोहोचण्याआधीच विकणाऱ्याने गाडी चालू करून ठेवली असेल, तर सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. स्कॅनरवर पी००१६ कोड आला, तर क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडलेला असू शकतो. चेनने दात सोडले की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि हेड उतरवावं लागतं. चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकत्र बदलल्याचं बिल असेल तरच ‘काम झालंय’ या शब्दावर विश्वास ठेवा.

ट्विनचार्जरमध्ये, विशेषतः १६० पीएसवाल्यात, याहून वाईट दुखणं आहे. डिटोनेशनमुळे (पेट्रोल अवेळी भडकल्याने) पिस्टनवर रिंगांच्या मधली कड तुटते. ऑइल खाणं, आयडलला थरथर, एकाच सिलिंडरचा मिसफायर ही लक्षणं. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक निघाला तर ती गाडी सोडा. एखादाच प्लग ऑइलने ओला निघाला तर बोअरस्कोप (नळीचा छोटा कॅमेरा) घालून सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का ते पाहा. शिवाय सुपरचार्जरचा मॅग्नेटिक क्लच वॉटर पंपावरच असतो, त्यामुळे पंप बदलणं महाग पडतं.

१३९५ मध्ये सांभाळायचा तो कूलंट. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग गिअरबॉक्सच्या बाजूला हेडवर बसतं आणि तिथून गळतं. खाली थेंब दिसतीलच असं नाही. टॉर्च मारून हाउसिंगच्या सांध्यावर वाळलेली गुलाबी-पांढरी खपली शोधा, टाकीतली पातळीही थंड इंजिनवर बघा. पंपाला स्वतःचा छोटा दातेरी बेल्ट आहे. पंप बदलताना तोही नवा घालावा. मुख्य बेल्टचं वरचं कव्हर काढून कडा झिजल्यात का, दातांना भेगा आहेत का, ऑइल लागलंय का ते तपासता येतं. चेनची अवस्था अशी डोळ्यांनी सहज दिसत नाही, म्हणून या बाबतीत बेल्टवालं इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं.

दोन्हींमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी बसतेच. टर्बोचा दाब आवरणारी झडप, वेस्टगेट, हीही दोन्हीकडे अडकू शकते. ओढ कमी आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) कोड दिसला की आधी तिथे बघा.

निवड करायची तर १३९५. १२२ पीएसचं १३९० घ्यायचं ते चेनच्या बिलासह, नाहीतर तो खर्च किमतीतून वजा करून. कॉम्प्रेशन मोजू देत नसतील तर ट्विनचार्जर घेऊ नका.