पक्क्या बिलाचा फोन की ‘इम्पोर्टेड’ पीस?

नाशिकमध्ये एम.जी. रोडवर फोन घ्यायला गेलात की एकाच आयफोनचे दोन भाव कानावर येऊ शकतात: एक पक्क्या बिलाचा, दुसरा ‘इम्पोर्टेड’ पीसचा. हा दुसरा नकलीच असतो असं नाही. तो दुबई, हाँगकाँग किंवा अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला असतो आणि भारतातल्या अधिकृत वितरकाला वगळून इथे आलेला असतो. वस्तू तीच, पण वॉरंटी वेगळी.

बिलाच्या फोनला कंपनीची एक वर्षाची वॉरंटी असते. इम्पोर्टेड पीसबाबत मात्र, फोन ज्या देशात विकला गेला तिथेच सेवा देण्याचा हक्क अ‍ॅपल राखून ठेवते. मग दुकानदार ‘आपली वॉरंटी’ देतो. ती तोंडी असेल तर धरूच नका. कोणते भाग, किती महिने, दुरुस्ती कोण करणार, हे बिलावर लिहून घ्या.

‘सील पॅक’ या शब्दावर विसंबू नका. काही सॅमसंग फोन ठरावीक प्रदेशातल्या सिमनेच सुरू करावे लागतात, म्हणून ते विकण्याआधीच उघडलेले असू शकतात. आयफोनची वॉरंटी किती उरली ते पैसे देण्याआधीच अ‍ॅपलच्या साइटवर सीरियल नंबर टाकून पाहा.

आयफोन कुठला, हे सेटिंग्ज, जनरल, अबाउटमधला मॉडेल नंबर सांगतो. शेवटी एचएन/ए म्हणजे भारत, एलएल/ए अमेरिका, झेडपी/ए हाँगकाँग. सुरुवातीला एम म्हणजे नवा, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला. आयफोन १४ पासूनच्या अमेरिकी पीसला सिमचा ट्रे नाही. काही जपानी पीसमध्ये कॅमेऱ्याचा आवाज बंद होत नाही. हे दोष नव्हेत, त्यामुळे यासाठी दुकानदार फोन परत घेईलच असं नाही.

बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. *#06# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावर आणि खोक्यावर तोच आहे का, तेही तिथेच जुळवा. वाद झाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. कच्च्या चिठ्ठीवर मात्र फोन त्याच दुकानातून घेतला, हे सिद्ध करण्यातच दम निघतो.

आता भावातला फरक. डिस्प्ले फुटला तर तो खर्च दोन्हीकडे तुमचाच, कारण अपघाताचं नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही. खरी झळ आपोआप मदरबोर्ड गेला की बसते. वाचणारी रक्कम त्या दुरुस्तीच्या खर्चाशी ताडून पाहा. जीएसटी नोंदणी असलेल्या फोटोग्राफरने तर कॅमेरा बिलानेच घ्यावा: धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावर भरलेल्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होतो, आणि इम्पोर्टेडची स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते. इलेक्ट्रॉनिक्स नसलेली पूर्ण मॅन्युअल लेन्स असेल, तर तेवढ्यापुरता इम्पोर्टेड पीस चालेल.